पाण्याचे रसायन आणि पेशीचा संसार : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

येत्या राष्ट्रीय विज्ञान दिनी, म्हणजे २८ फेब्रुवारीला, महाविद्यालयात भरणाऱ्या प्रदर्शनासाठी अकरावी विज्ञान शाखेच्या गटाने ‘पाण्याचे रासायनिक गुणधर्म आणि सजीव’ हा विषय घेतला आहे. रसायनशास्त्राची बाजू सहकारी मॅडम पाहणार असून जीवशास्त्राची बाजू आणि ही नोंदवही माझ्याकडे आहे. विद्यार्थ्यांचा पहिला आराखडा अपेक्षेप्रमाणेच होता : डावीकडे गुणधर्मांची यादी, उजवीकडे प्रत्येकाचा उपयोग आणि खाली ‘पाणी म्हणजेच जीवन’ ही ओळ.

या आराखड्यावर मी दोन हरकती नोंदवल्या. पहिली अशी की, उत्कलनबिंदू, पृष्ठताण, उष्मा धरून ठेवण्याची क्षमता, द्रावक म्हणून असलेले सामर्थ्य हे सुटे गुण नसून बऱ्याच अंशी एकाच कारणाची वेगवेगळी रूपे आहेत, आणि यादीत नेमके ते कारणच हरवते. दुसरी हरकत अधिक महत्त्वाची आहे. उपयोगांच्या यादीत पाणी सदैव उपकारकर्ते म्हणून येते. परंतु जे गुण सजीवांना तारतात तेच त्यांच्या मुळावरही उठतात, आणि पेशीची बरीचशी यंत्रणा पाण्याला आवर घालण्यासाठीच घडलेली दिसते. प्रत्येक टेबलावर गुणधर्माच्या या दोन्ही बाजू दाखवायच्या, असे बैठकीत ठरले. ‘पाणी म्हणजेच जीवन’ ही ओळ काढून टाकली.

२२ नोव्हेंबर २०२४

रेणूचे प्रारूप तयार केले. ऑक्सिजनसाठी मोठा थर्मोकोलचा गोळा, हायड्रोजनसाठी दोन लहान गोळे, आणि आत बारीक चुंबके बसवली, जेणेकरून एका रेणूचा हायड्रोजन दुसऱ्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जाईल. दोन बंधांमधील कोन १०४.५ अंशांचा ठेवण्यासाठी कोनमापकाने खुणा केल्या. या कोनाबाबत मी आग्रही होतो, कारण रेणू सरळ रेषेत असता तर दोन्ही बाजूंचे प्रभार एकमेकांना रद्द करून गेले असते, रेणू ध्रुवीय राहिला नसता आणि या प्रकल्पाला विषयच उरला नसता.

ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढतो, त्यामुळे त्याच्या बाजूला अंशतः ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला अंशतः धन प्रभार येतो. शेजारच्या रेणूंमध्ये यातून जो हायड्रोजन बंध तयार होतो, त्याची ताकद रेणूच्या आतील सहसंयुज बंधाच्या सुमारे विसाव्या भागाइतकीच असते, आणि द्रवरूप पाण्यात असा एक बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास टिकून तुटतो. तुटला की लगेच दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतो. एकेक बंध क्षणभंगुर असला तरी कोणत्याही क्षणी बहुसंख्य बंध जुळलेलेच असतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांना समजावण्यात तास संपला, आणि तो तास सत्कारणी लागला असे माझे मत आहे.

तुलनेसाठी हायड्रोजन सल्फाइड घेतले. गंधक हा आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या थेट खाली येतो, आणि त्याचा हा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळपास दुप्पट जड आहे. तरीही तो उणे ६० अंशांनाच उकळतो. त्या कुळातील इतर संयुगांवरून आलेख मागे वाढवला, तर पाण्याचा उत्कलनबिंदू उणे ८० अंशांच्या आसपास यायला हवा होता. प्रत्यक्षातले १०० अंश आणि आलेखातले उणे ८० यांमधील अंतर हायड्रोजन बंधाने निर्माण केलेले आहे. पहिल्या टेबलावर हा एकच आलेख राहील.

२८ नोव्हेंबर २०२४

विद्युत अपघटनाचा प्रयोग मांडला. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे आकारमान २:१ या प्रमाणात मिळाले. १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल यांनी विद्युतघटाच्या साहाय्याने हे केले होते. प्रदर्शनात हा प्रयोग ठेवू नये असे माझे मत आहे, कारण तो पाण्याचे घटक सांगतो, वर्तन सांगत नाही. मॅडमचे मत वेगळे असून तूर्तास तो एका कोपऱ्यात राहील.

४ डिसेंबर २०२४

बर्फ पाण्यावर तरंगतो यात विद्यार्थ्यांना काहीच नवल वाटत नाही, कारण लहानपणापासून त्यांनी दुसरे काही पाहिलेले नाही. म्हणून आज खोबरेल तेल घेतले. शीतकपाटात थिजवलेला तेलाचा गोळा वितळलेल्या खोबरेल तेलात सोडला तेव्हा तो सरळ तळाशी गेला. थिजलेल्या तुपाचेही तसेच झाले. बहुतेक पदार्थांचे स्थायुरूप द्रवापेक्षा अधिक घनतेचे असते आणि बुडते. पाणी हा मोजक्या अपवादांपैकी एक आहे. शेजारच्या चंचुपात्रात बर्फ तरंगत असताना हे पाहिल्यावर प्रश्न आपोआप उभा राहिला.

उत्तर प्रारूपातून मिळाले. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी ठरावीक दिशांनीच बांधला जातो. त्यामुळे षटकोनी पोकळ्या असलेली ऐसपैस रचना तयार होते आणि घनता ०.९१७ ग्रॅम प्रति घन सेंमी इतकी खाली येते. बर्फ वितळला की रचना अंशतः कोसळते, रेणू जवळ येतात, आणि ४ अंशांना घनता सर्वाधिक होते. दहावीच्या पुस्तकातील होपचे उपकरण विद्यार्थ्यांनी पाहिले होते, ते पुन्हा मांडले : मधल्या भागात गोठण मिश्रण, खालच्या तापमापीत ४ अंशांवर थबकलेला पारा आणि वरच्या तापमापीत शून्याकडे उतरणारा.

पुस्तकातील ‘म्हणून थंड प्रदेशातील मासे जगतात’ या वाक्याला येथे दोन पुरवण्या जोडायच्या आहेत. एक म्हणजे ४ अंशांची कथा गोड्या पाण्याची आहे; समुद्राच्या खाऱ्या पाण्याची घनता गोठेपर्यंत वाढतच जाते, तिथे फक्त बर्फ तरंगण्याचा भाग लागू पडतो. दुसरी म्हणजे हीच ऐसपैस रचना पेशीच्या आत तयार झाली तर तिचे स्फटिक पटले फाडून टाकतात. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र उणे १.९ अंशांपर्यंत थंड असतो, तर सामान्य माशाचे रक्त साधारण उणे ०.७ अंशालाच गोठायला हवे. तेथील मासे न गोठता कसे पोहतात याचा शोध आर्थर डीव्ह्रीस यांनी १९६० च्या दशकात घेतला, तेव्हा त्यांच्या रक्तात बर्फाच्या कणांना चिकटून त्यांची वाढ रोखणारी खास प्रथिने सापडली. तळ्यातल्या माशाला वाचवणारा बर्फ आणि शरीरात शिरू पाहणारा बर्फ एकच आहे, हे या टेबलाचे सूत्र राहील.

११ डिसेंबर २०२४

समान वस्तुमानाचे पाणी आणि शेंगदाण्याचे तेल एकाच शेगडीवर, सारख्याच भांड्यांत, एकामागून एक तापवले. पाण्याला ६० अंश गाठायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्याहून कमी वेळात तेल तिथवर पोहोचले. पाण्याचा विशिष्ट उष्मा ४.१८ जूल प्रति ग्रॅम प्रति अंश आहे, खाद्यतेलांचा साधारण २. पाण्याला दिलेल्या उष्णतेचा मोठा वाटा हायड्रोजन बंध ढिले करण्यात खर्च होतो, म्हणून पारा सावकाश चढतो.

कोकणातल्या मुलांना याचे उदाहरण बाहेरून आणावे लागत नाही. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे ही याच आकड्याची करामत आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हिवाळ्यात १० अंशांखाली उतरतो. रत्नागिरीला ही दोन्ही टोके ठाऊक नाहीत.

सजीवांच्या बाबतीत एक हिशेब फळ्यावर केला. विश्रांतीच्या अवस्थेतही माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट दराने उष्णता निर्माण करते. ७० किलो वजनाच्या शरीरातून ही उष्णता अजिबात बाहेर पडली नाही असे मानले, तरी शरीरातील पाण्यामुळे तापमान तासाला जेमतेम दीड अंशाने वाढेल. शरीर तेलाचे असते तर हीच वाढ जवळपास दुप्पट वेगाने झाली असती. स्नायूंनी अचानक जोर लावला तरी विकरांचे, म्हणजे पेशीतील अभिक्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचे, तापमान घसरत किंवा भडकत नाही, याचे श्रेय या संथपणाला आहे.

१९ डिसेंबर २०२४

बाष्पीभवनाचा भाग. एक ग्रॅम पाणी शरीराच्या तापमानाला वाफ होऊन उडते तेव्हा सुमारे २.४ किलोजूल उष्णता घेऊन जाते. म्हणजे एक लिटर घाम पूर्णपणे उडाला तर २४०० किलोजूल. ‘पूर्णपणे उडाला तर’ ही अट महत्त्वाची आहे. अंगावरून निथळून गेलेला घाम काहीही थंडावा देत नाही.

कोरड्या आणि ओल्या फुग्याचे (म्हणजे फुग्याला ओले फडके गुंडाळलेले) तापमापी मांडून नोंदी घेतल्या. जमिनीकडचा कोरडा वारा वाहत असताना दोन्हींतील फरक मोठा होता. दुपारनंतर खारे वारे सुरू झाले तसा तो कमी होत गेला. विदर्भातला माठ पाणी गार करतो आणि आमच्या किनाऱ्यावरचा माठ मे महिन्यात नाराज करतो, त्याचे कारण मातीत नसून हवेत आहे.

दुसरी बाजू गंभीर आहे. शेरवुड आणि ह्युबर यांनी २०१० साली मांडले की ओल्या फुग्याचे तापमान ३५ अंशांवर काही तास राहिले, तर सावलीत बसलेला निरोगी माणूसही शरीरातील उष्णता बाहेर टाकू शकणार नाही. त्यानंतर प्रत्यक्ष माणसांवर झालेल्या प्रयोगांत तरुण आणि निरोगी व्यक्तींचीही मर्यादा याहून खाली आढळली. उष्णतेच्या लाटेच्या बातम्यांत केवळ कमाल तापमान छापले जाते. दमट किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या दृष्टीने ती अर्धीच बातमी आहे.

२८ डिसेंबर २०२४

पृष्ठताण. २० अंशांना पाण्याचा पृष्ठताण ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, अल्कोहोलचा सुमारे २२. रुपयाच्या नाण्यावर ड्रॉपरने थेंब रचत गेल्यावर पाण्याचा फुगीर घुमट तयार होतो, आणि साबणाच्या पाण्याचा होत नाही. हा प्रयोग सर्वांना येतो, म्हणून त्यावर वेळ घालवला नाही.

डासांच्या अळ्या अधिक बोलक्या ठरल्या. परसातल्या टाकीत सापडलेल्या अळ्या बरणीत ठेवल्या होत्या. त्या डोके खाली करून, शेपटाकडील श्वासनलिकेच्या टोकाने पाण्याच्या पृष्ठभागाला लटकतात. साबणाच्या द्रावणाचे मोजके थेंब टाकताच त्यांना तो आधार मिळेनासा झाला आणि त्या खाली सरकू लागल्या. साचलेल्या पाण्यावर तेल टाकण्याच्या जुन्या उपायामागेही श्वासनलिका बंद होणे आणि पृष्ठताण घटणे अशी दोन कारणे आहेत. ॲनॉफिलिसच्या अळ्यांना अशी लांब नळी नसते, त्या पृष्ठभागाला समांतर पडून राहतात. पण पृष्ठभागाचा आधार त्यांनाही लागतोच.

मात्र या टेबलाचा गाभा फुप्फुसात आहे. आपल्या कोट्यवधी वायुकोशांच्या आतल्या बाजूला पाण्याचा पातळ थर असतो, कारण ऑक्सिजनला आधी त्यात विरघळावे लागते. वक्र पृष्ठभागावरचा हा थर आक्रसू पाहतो, आणि कोश जितका लहान तितका आत ओढणारा दाब जास्त. पाण्याचा पृष्ठताण जसाच्या तसा राहिला असता तर प्रत्येक उच्छ्वासाला लहान कोश मिटून गेले असते. कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ साली फुप्फुसे एकदा हवेने आणि एकदा द्रवाने भरून पाहिली. द्रवाने भरताना, म्हणजे हवा आणि पाणी यांमधला पृष्ठभाग नाहीसा झाल्यावर, पुष्कळच कमी दाब लागला. १९५९ साली मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले की श्वास कोंडून दगावणाऱ्या अकाली जन्मलेल्या बालकांच्या फुप्फुसांत पृष्ठताण घटवणाऱ्या स्निग्ध द्रव्याची कमतरता असते. हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत पूर्ण कामाला लागतात. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा नवजात मुलगा ऑगस्ट १९६३ मध्ये याच विकाराने दोन दिवसांत गेला. त्या काळी इलाज नव्हता. १९८० साली जपानमधील तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून मिळवलेले द्रव्य बालकांच्या श्वासनलिकेत सोडून ती वाचू शकतात हे दाखवले.

आपला पहिला श्वास हा पाण्याच्या पृष्ठताणाविरुद्ध घ्यावा लागतो, हे वाक्य एका विद्यार्थिनीने सुचवले. तक्त्यावर तेच जाईल.

६ जानेवारी २०२५

झाडात पाणी कसे चढते? विद्यार्थ्यांचे ठरलेले उत्तर ‘केशाकर्षण’ असे आले. हिशेब केला : २० मायक्रोमीटर त्रिज्येच्या नळीत केशाकर्षणाने पाणी जेमतेम पाऊण मीटर चढते. वरून निर्वात करून ओढले तर वातावरणाचा दाब ते १०.३ मीटरपर्यंत ढकलतो. महाविद्यालयामागचे माड याहून उंच आहेत.

डब्लिनमधील हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ साली दिलेले उत्तर आज मान्य आहे. पानांतून बाष्पोच्छ्वासाने पाणी उडते तेव्हा पेशीभित्तिकांमधील सूक्ष्म छिद्रांत पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि खालचा पाण्याचा स्तंभ ओढला जातो. हायड्रोजन बंधांमुळे पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की अखंड स्तंभ न तुटता मुळांपर्यंत ताणला जातो. जलवाहिनीतले पाणी वर ढकलले जात नाही, वर खेचले जाते.

जगदीशचंद्र बोस यांचे मत वेगळे होते, आणि ते टाळून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. १९२३ साली त्यांनी मांडले की खोडातील जिवंत पेशी स्पंदनांनी पाणी वर सारतात. हे मत टिकले नाही. एदुआर्द स्ट्रासबुर्गर यांनी १८९० च्या दशकारंभीच उंच झाडे तोडून विषारी द्रावणात उभी केली होती. खोडातील पेशी मेल्या तरी द्रावण वर चढतच राहिले. बोस यांच्या संवेदनविषयक कामाचे मोल याने कमी होत नाही, पण भारतीय शास्त्रज्ञाचे नाव आहे एवढ्यासाठी अमान्य झालेला सिद्धांत तक्त्यावर मान्य म्हणून लावता येणार नाही.

निशिगंधाचे दांडे रंगीत पाण्यात ठेवले. पंख्याच्या झोतातले आधी रंगले, प्लास्टिकच्या पिशवीने झाकलेले उशिरा.

ताणलेल्या स्तंभाचा धोका असा की त्यात हवेचा बुडबुडा शिरला तर ती वाहिनी निकामी होते. अवर्षणात झाडे वाळतात त्यामागे हे एक कारण आहे. माडाला दरवर्षी नवे लाकूड चढत नाही. त्याच्या खोडातील वाहिन्या अनेक दशके तशाच वापरात राहतात, हे लक्षात घेतले तर त्याचे दीर्घायुष्य आणखी थक्क करणारे वाटते.

१३ जानेवारी २०२५

खाडीकाठी तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, पाहणी. कांदळवन संरक्षित असल्याने फांद्या न तोडता, झाडावरचीच पाने बाटलीतल्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन ते पाणी गोळा केले. प्रयोगशाळेत त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकताच मिठाची खूण असलेला पांढरा साका आला. शेजारच्या आंब्याच्या पानांवरून घेतलेल्या पाण्यात जेमतेम गढूळपणा दिसला. समुद्राजवळ हवेतही मीठ असते, म्हणून ही तुलना आवश्यक होती.

समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे त्यातील मिठामुळे पाणी धरून ठेवण्याचा जोर, सुमारे २५ वातावरणदाब असतो. त्यातून गोडे पाणी शोषायचे तर झाडाला त्याहून अधिक ताण लावावा लागतो. पेर स्कोलांडर यांनी १९६५ साली दाब-कोठीच्या साहाय्याने खारफुटीच्या फांद्यांतील ताण मोजला, तो ३० ते ६० वातावरणदाबांच्या दरम्यान भरला. तिवर आत आलेले मीठ पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतो. कांदळ ते मुळांपाशीच बऱ्याच अंशी अडवतो. समुद्राचे पाणी गाळून गोडे करण्याचे जे काम कारखान्यात पंप लावून होते, ते येथे सूर्याची उष्णता आणि हायड्रोजन बंध यांच्या बळावर चालते.

२१ जानेवारी २०२५

द्रावक म्हणून पाणी. पाण्यात दोन विरुद्ध प्रभारांमधील आकर्षण निर्वाताच्या तुलनेत सुमारे ८० पटींनी घटते. म्हणून मिठातील सोडियम आणि क्लोराइड हे प्रभारित कण (आयन) सुटे होतात, आणि प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कवच तयार होते. चेतापेशीतील संदेश, स्नायूंचे आकुंचन, हृदयाचे ठोके हे सारे सुट्या आयनांवर चालते.

जे विरघळत नाही त्याचे महत्त्वही तेवढेच आहे. तेलाचे थेंब पाण्यात एकत्र येतात ते प्रामुख्याने तेलाला तेल प्रिय असते म्हणून नव्हे. तेलाच्या रेणूभोवती पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंध टिकवण्यासाठी ठरावीक मांडणीत राहावे लागते आणि त्यांचे स्वातंत्र्य कमी होते; थेंब एकत्र आले की असे अडकलेले रेणू मोकळे होतात. १९५९ साली वॉल्टर कॉझमन यांनी प्रथिनांच्या घडीमागे हेच कारण प्रमुख असल्याचे मांडले. पेशीपटलही याच नियमाने उभे राहते. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेन्डेल यांनी तांबड्या पेशींतील स्निग्ध पदार्थ काढून पाण्यावर पसरला, तेव्हा तो पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट क्षेत्र व्यापतो असे दिसले. त्यावरून पटल दुपदरी असल्याचा निष्कर्ष निघाला. हे पटल शिवण्यासाठी पेशीला वेगळे बंध तयार करावे लागत नाहीत, पाणीच ते काम करते.

पण पटल तयार झाले की त्यातून पाणी आत शिरू लागते. ऱ्हिओच्या पानाचा पापुद्रा मिठाच्या दाट द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली जीवद्रव्य आक्रसताना दाखवले आणि नंतर साध्या पाण्यात ते पुन्हा फुगले. वनस्पतीला भित्तिका आहे म्हणून ती फुटत नाही; आपल्या तांबड्या पेशी शुद्ध पाण्यात फुटतात, म्हणून सलाइन ०.९ टक्के मिठाचे असते. गोड्या पाण्यातील पॅरामेशियम या एकपेशीय जीवाला तर आत आलेले पाणी आकुंचनशील रिक्तिकेने अखंड उपसत राहावे लागते. पाणी वेगाने ने-आण करणाऱ्या प्रथिनमार्गांचा, ॲक्वापोरिनचा, शोध लावल्याबद्दल पीटर आग्रे यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या मार्गांतून पाण्याचे रेणू एका रांगेत जातात, पण प्रोटॉन जाऊ शकत नाहीत. ते गेले असते तर पेशीची ऊर्जानिर्मितीच कोसळली असती.

अतिसारातील क्षारसंजीवनीचे पाकीट याच टेबलावर ठेवले. आतड्यातील वाहक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत नेते आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. २००२ पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात दोन्हींचे प्रमाण प्रति लिटर ७५ मिलिमोल आहे. १९७१ साली बोनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी हाच उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला होता.

२८ जानेवारी २०२५

विंक्लर पद्धतीने विरघळलेल्या ऑक्सिजनचे अनुमापन केले. पाणी उत्तम द्रावक असले तरी ऑक्सिजनसाठी ते कंजूष आहे : हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.६. तेवढ्याच हवेत साधारण २७० मिलिग्रॅम असतो. उन्हाळ्यात तळ्यातले मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात, कारण रात्रभर श्वसन चालू असते, प्रकाशसंश्लेषण बंद असते आणि कोमट पाण्यात मुळातच साठा थोडा असतो.

४ फेब्रुवारी २०२५

मॅडमनी जड पाण्याचा मुद्दा काढला, आणि तो मला पूर्ण प्रकल्पातला सर्वांत सूचक वाटतो. रायगड जिल्ह्यात थळला त्याचा कारखाना आहे, म्हणून नाव सर्वांना ठाऊक होते. हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड प्रकार असलेले ड्यूटेरिअम घेतले की रेणूचा आकार तोच राहतो, प्रभार तेच राहतात, फक्त हायड्रोजन बंध किंचित बळकट होतात आणि अभिक्रिया मंदावतात. हे पाणी ३.८ अंशांना गोठते आणि १०१.४ अंशांना उकळते. आकडे पाहता फरक किरकोळ आहे. तरीही गिल्बर्ट लुइस यांनी १९३३ साली जवळजवळ शुद्ध जड पाण्यात ठेवलेले तंबाखूचे बी रुजले नाही. सस्तन प्राण्यांच्या शरीरातील निम्म्याच्या आसपास पाणी असे बदलले तर ते जगत नाहीत. मात्र काही जीवाणू आणि शैवाले हळूहळू सवय लावल्यास पूर्ण जड पाण्यातही वाढतात. सजीव ‘पाण्यावर’ अवलंबून आहेत या विधानाला यामुळे नेमकेपणा येतो : पेशीची घडी एका ठरावीक ताकदीच्या बंधाशी जुळवलेली आहे.

१० फेब्रुवारी २०२५

एका पालकांनी ‘अल्कलाइन’ पाण्याच्या यंत्राची माहिती प्रदर्शनात ठेवण्याची सूचना केली. ती नम्रपणे नाकारली. जठरातील आम्लाचा सामू १.५ ते ३ असतो, रक्ताचा ७.३५ ते ७.४५, तो राखण्याचे काम बायकार्बोनेटचे बफर, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे करतात, पिण्याचे पाणी नव्हे. पाण्याला ‘स्मृती’ असते, हा दावाही हायड्रोजन बंधांच्या क्षणभंगुर आयुष्याच्या आकड्यापुढे टिकत नाही.

१५ फेब्रुवारी २०२५

शेवटचे टेबल जलअपघटनाचे, म्हणजे पाण्यामुळे रेणूंच्या साखळ्या तुटण्याचे. प्रथिने, डीएनए, पिष्ट पदार्थ हे सारे लहान घटकांतून पाण्याचा रेणू बाहेर काढून जोडलेले असतात. पेशीत पाण्याची तीव्रता लिटरला ५० मोलच्या आसपास असताना या साखळ्या तुटणे हीच स्वाभाविक दिशा आहे. त्या टिकतात त्या केवळ तुटण्याचा वेग अत्यंत मंद असल्यामुळे : विकरांवाचून, सामान्य तापमानाला आणि उदासीन पाण्यात प्रथिनातील बंधांचे अर्धायुष्य शेकडो वर्षांचे असते. पचनसंस्थेतील विकर तेच काम क्षणात उरकतात. अन्न पचवणे आणि स्वतःचे शरीर न पचवणे यांतील फरक वेगाचा आहे.

डीएनएच्या बाबतीत वेग तितका मंद नाही. टॉमस लिंडाल यांनी १९७० च्या दशकात दाखवले की केवळ पाण्याच्या सान्निध्यामुळे मानवी पेशीत दररोज सुमारे १० हजार प्युरीन बेस (डीएनएच्या साखळीवरील एका प्रकारचे घटक) साखळीतून गळून पडतात. ही हानी भरून काढणारी विकरांची यंत्रणा असलीच पाहिजे, या विचारातून त्यांनी तिचा शोध घेतला आणि २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. विद्यार्थ्यांना हा आकडा पटेना. त्यांनी हिशेबाने पेशीतील एकूण बेसजोड्यांशी, म्हणजे सुमारे ६ अब्जांशी, तुलना केली तेव्हा तो लहान वाटला. मग एका वर्षासाठी गुणाकार केला तेव्हा छत्तीस लाखांहून अधिक आला. दोन्ही आकडे तक्त्यावर शेजारी शेजारी राहतील.

२२ फेब्रुवारी २०२५

मांडणी निश्चित झाली. दारातून आत आल्यावर उत्कलनबिंदूंचा आलेख, नंतर खोबरेल तेल आणि बर्फ, मग उष्मा, पृष्ठताण, झाड आणि तिवर, पटल, शेवटी जलअपघटन. विद्युत अपघटनाचे उपकरण खिडकीजवळ राहील. प्रत्येक तक्त्यावर डावीकडे ‘आधार’ आणि उजवीकडे ‘बंदोबस्त’ असे दोनच रकाने आहेत. थिजवलेल्या तेलाचे गोळे थर्मासमध्ये ठेवायचे असून ते दर तासाला बदलावे लागतील. फेब्रुवारी अखेरीस खोलीचे तापमान तेलाच्या द्रवणांकाच्या वर असते. अळ्यांच्या बरणीवर जाळी घट्ट बांधावी, कारण त्यांतल्या काही आता कोषावस्थेत गेल्या आहेत.